एक बुशेल लुमीर

अर्नी बोश्काने कागदी थाळी तोंडासमोर धरली आणि तिच्या डाव्या काठाला पडलेल्या भोकातून माझ्याकडे बघितलं.

"व्लास्ता, काय दिसतंय?"

"तुझा डोळा," मी म्हटलं. "आणि उजव्या नळीची गोळी, डाव्या काठावर. नापास."

"लिहू नकोस अजून."

"लिहून झालं."

मागे उभ्या असलेल्या मंडळींत कुणीतरी खोकलं. ते हसणं होतं. अर्नी आमच्या शिकारीच्या टोळीचा म्होरक्या, दोनशे वीस पौंडांचा गडी. त्याच्या तोंडावर हसायची पद्धत नाही, म्हणून लोक खोकतात.

हरणांच्या मोसमाआधीचा रविवार म्हणजे आमच्या लिपनिक या चेक लोकांच्या गावात थाळ्यांचा रविवार. चर्चमधली प्रार्थना आटोपली की बंदुका घेऊन सगळे बोश्कांच्या कुरणात जमतात. पन्नास यार्डांवर खांबाला कागदी थाळी ठोकायची. दुनळीच्या उजव्या नळीची एक गोळी, डाव्या नळीची एक, लागोपाठ. दोन्ही थाळीच्या मधल्या सपाट भागात बसल्या, तर शनिवारी मोक्याच्या जागेवर उभं राहायचं. एक जरी काठावर गेली, तर काटेरी झुडपांतून आरोळ्या देत हाकारा करायचा. वय, मान, एकर काही बघत नाहीत. एका वर्षी खुद्द फादरना हाकाऱ्यात चालावं लागलं होतं. झुडपांत त्यांनी जे शब्द वापरले ते मी वहीत उतरवले नाहीत.

वही माझ्याकडे, कारण मी गावच्या धान्यगोदामात ट्रक तोलते. भरलेला ट्रक काट्यावर, रिकामा ट्रक काट्यावर, वजाबाकी. एकोणीस वर्षं. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही त्या सगळ्यांचा माझ्या काट्यावर आहे. आणि ड्रायव्हर गाडीत बसलेला की उतरलेला हेही मी लिहून ठेवते, त्यामुळे आयोवाच्या या कोपऱ्यात कोण किती वजनाचं आहे, कोण दरवर्षी किती फुगतंय, हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं. मी बोलत नाही. पण ठाऊक असतं.

बाकीच्या जिल्ह्यात आताशा पंपाच्या एकनळी बंदुका आणि वर दुर्बिणी. आमचं गाव आजोबांच्या दुनळ्या सोडायला तयार नाही. छर्र्याला दुनळी झकास. हरणासाठी लागते ती शिशाची एकच जाडी गोळी, आणि तिथे दुनळीचं दुखणं सुरू होतं. उजवी नळी उडाली की बंदूक उजवीकडे उसळते, डावी उडाली की डावीकडे. म्हणून दोन्ही नळ्या तोंडाशी किंचित एकमेकींकडे झुकवून डाख देऊन जोडतात. किती झुकवायच्या, ते दोन तोंडांमध्ये बसवलेली पितळी पाचर ठरवते. पाचर केसभर बारीक झाली तर गोळ्या फुली मारून एकमेकींच्या पलीकडे जातात. केसभर जाड झाली तर गोळ्या फाकतात.

तो केस ओळखणारा माणूस गावात एकच. लुमीर श्वेहला.

वय बहात्तर. धंद्याने पत्रेकाम करणारा. चाळीस वर्षं त्याने गावाच्या पन्हाळी डाखल्या. स्वतः शिकार करत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एक हरीण मारलं, त्याची बायको ओल्गा हरणाचे डोळे बघून रडली, संपलं. पण बंदूक जुळवायची म्हटलं की सप्टेंबरपासून त्याच्या दारात गाड्या. त्या वर्षी जास्तच, कारण जुन्या काडतुसांचं उत्पादन बंद झालं होतं आणि नवी जरा तेज होती. अर्नीची, लेस्टर व्होंद्राची आणि फादरची, अशा तीन दुनळ्या त्याने उन्हाळ्याच्या शेवटी उघडून पुन्हा जोडल्या होत्या.

आणि त्या रविवारी तिन्ही नापास झाल्या.

लेस्टरचीही उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. फादरचीही तशीच. फादर थाळी बघून फक्त म्हणाले, "हे परमेश्वरा," पण प्रार्थनेत म्हणतात तसं नाही.

लुमीर माझ्या टेबलाशेजारी उभा होता. तोच जुना जाड कापडाचा कोट, तीच कानटोपी. तो पुढे झाला, अर्नीच्या हातातून बंदूक घेतली, बाकावर बसला, वाळूच्या पिशवीवर डावा हात टेकवून त्या हातात नळ्या धरल्या. नळ्या नुसत्या पिशवीवर टेकवून तो कधी झाडत नाही. "शिकारीत पिशवी नसते, हात असतो," असं त्याचं म्हणणं. पुढचा चाप, मग मागचा. दोन आवाज.

मी थाळी काढून आणली. मधोमध दोन भोकं, मध्ये एक अंडं मावेल एवढी जागा.

कुणीच खोकलं नाही.

"म्हणजे मला नेम धरता येत नाही," अर्नी म्हणाला.

"तसं कुणी म्हणालं का?" लेस्टर म्हणाला.

"मनात म्हणालास. मग लेस्टर, तुलाही येत नाही. फादरनाही येत नाही. गावात एकट्या म्हाताऱ्यालाच येतं, नाही का?" त्याने आवाज खाली आणला, पण अर्नीचा खालचा आवाज गाईगुरांनाही ऐकू जातो. "त्याचा डोळा वाकडा झालाय. वाकड्या डोळ्याला वाकडी बंदूक सरळच दिसणार. ओल्गा गेल्यापासून तो... जाऊ दे. मी शुक्रवारी ती शहरातल्या दुकानात नेतो. तुमच्याही द्या."

लुमीर नळ्यांवरून तेलाचं फडकं फिरवत होता. फिरवायचं थांबला नाही.

"असेल," तो म्हणाला. "डोळा गेला असेल."

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत थाळी पुन्हा लावता येते," मी म्हटलं. "नियम आहे."

"कुणाचा नियम?" अर्नीने विचारलं.

"वहीतला. तुझ्या वडिलांच्या हातचा. दाखवू?"

वडिलांचं नाव निघालं की अर्नी निम्मा होतो. ओढ्याच्या वळणावरची जागा त्याच्या वडिलांची होती, मग त्याची झाली. तिथून उठून त्याला हाकाऱ्यात जायचं नव्हतं, हे मलाही समजत होतं. "गुरुवार," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत थांबतो. शुक्रवारी मी निघालो."

सगळे पांगल्यावर लुमीरने अवजारांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. "यातला डाख द्यायचा दिवा गोदामात ठेव," तो म्हणाला. "तुमच्या पन्हाळीला लागेल. मला आता लागणार नाही."

"पेटी उचल, माझी वही दबतेय."

"व्लास्ता, मी खरंच सांगतोय."

"मीही. उचल."

त्याने उचलली, पण दोन्ही हातांनी. आधी एका हाताने उचलायचा.

ओल्गा आणि मी तीस वर्षं चर्चच्या जेवणाला मिळून कोलाचे, म्हणजे सारणाचे गोड पाव भाजले. खसखशीचं सारण तिचं, जर्दाळूचं माझं. ती फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून लुमीरच्या दाराची पायरी कुणी चढत नव्हतं, ते थेट सप्टेंबरपर्यंत. मग बंदुका आल्या आणि दार उघडलं. त्या बंदुका शहरात गेल्या, की दार पुन्हा बंद. हे सांगायला काटा लागत नाही.

सोमवारी गोदामात गर्दी नव्हती. मी वही उघडून बसले. तीन बंदुका, सहा गोळ्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. तिन्ही वेळा तेच, आणि अंतरही जवळपास तेवढंच, पाच ते सहा इंच.

आता मला बंदुकीतलं कळत नाही, पण काट्यातलं कळतं. काट्याचा सांधा सैल झाला की तो एकदा जास्त दाखवतो, एकदा कमी. तो काटा बिघडला. पण जो काटा दर वेळी बरोब्बर चाळीसच पौंड कमी दाखवतो, तो बिघडलेला नसतो. त्याचं फक्त शून्य सरकलेलं असतं. हात थरथरणाऱ्या किंवा डोळा गेलेल्या माणसाने एक बंदूक अशी चुकवली असती, दुसरी तशी. लुमीरने तिन्ही एकाच तऱ्हेने, एकाच मापाने चुकवल्या होत्या.

मग सरकलं होतं काय?

मी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. लुमीर आपल्या आठ एकरांतला मका दर ऑक्टोबरला त्याच हिरव्या पिकअपने आणतो. मागच्या वर्षी रिकामी गाडी, ड्रायव्हर आत: चार हजार चारशे साठ. या वर्षी रिकामी गाडी, ड्रायव्हर आत: चार हजार चारशे. जादाचं चाक जागेवर होतं, अवजारांची पेटी जागेवर होती, टाकी तो भरूनच येतो. ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं, मी पाहते.

साठ पौंड, वीस-वीसच्या टप्प्यांनी दाखवणाऱ्या काट्यावर. आणि मी ते ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि पान उलटलं होतं.

मी फोन लावला. "लुमीर, काट्याच्या खोलीची पन्हाळ गळतेय."

तो अर्ध्या तासात आला, शिडी लावून वर चढला, खाली उतरला. "गळत नाही."

"माहीत आहे. बियाण्याच्या काट्यावर उभा राहा."

"कशाला?"

"उभा राहा म्हटलं ना."

त्याने कोट काढला, तेव्हा मला पहिल्यांदा तो दिसला. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती, एकापुढे एक, चार. मी वजन सरकवत नेलं.

"एकशे अठ्ठावन्न."

"तुझा काटा चुकतोय."

"आठवड्यापूर्वीच सरकारी माणूस तपासून गेलाय. तुझं वजन किती असायचं?"

"दोनशे चौदा," तो म्हणाला. "तीस वर्षं. ओल्गा म्हणायची, एवढ्यावर शिवणकाम बसलंय, आता हलू नकोस."

"मग वजाबाकी कर."

पत्र्याचं माप काढणाऱ्या माणसाला वेळ लागत नाही. "छप्पन्न," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनीही खिडकीबाहेर मक्याच्या ढिगाकडे पाहिलं. इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं: एक बुशेल मका म्हणजे छप्पन्न पौंड.

"एक बुशेल," मी म्हटलं. "लुमीर, तू स्वतःतला एक बुशेल कुठेतरी सांडून आलास."

तो हसला नाही, पण काट्यावरून उतरलाही नाही.

"काय जेवतोस?"

"सूप."

"कसलं?"

"डब्यातलं."

"गरम करतोस तरी?"

तो दुसरीकडेच होता; त्याचा उजवा खांदा आपोआप थोडा मागे गेला होता, दस्ता टेकल्यासारखा.

"मी हलका," तो हळूहळू म्हणाला. "हलक्या खांद्यावर बंदूक जास्त उसळते. उजवी जास्त उजवीकडे गेली, डावी जास्त डावीकडे. मला वाटलं नळ्या फाकल्यात. नवी काडतुसं आहेत, असणारच. म्हणून मी पाचर बारीक केली. माझ्या खांद्यावर बरोबर बसली. अर्नीच्या खांद्यावर..." त्याने दोन्ही तर्जन्या एकमेकींवर ठेवून फुली केली. "लेस्टरही तसाच आडवा. फादरही. मी त्यांच्याच मापाचा होतो, म्हणून तर इतकी वर्षं जमलं. मला वाटायचं, मला येतं म्हणून जमतंय."

"येतं म्हणूनच जमलं."

"म्हणजे हात नाही गेला."

"नाही."

"डोळाही नाही."

"नाही."

तो आता उतरला, आणि कोट घालायला बराच वेळ घेतला. "नुसता हलका झालोय," तो म्हणाला.

मी विचारलं, मग अर्नीलाच बसवून, त्याच्याच गोळ्या बघून का जुळवत नाहीस? लुमीरने दाराकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली.

"अर्नी चाप ओढताना डोळे मिटतो."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"अर्नीला नाही. आणि मी सांगणार नाही. त्याच्या गोळ्या वरखाली जातात, त्यावर बंदूक जुळवता येत नाही. म्हणून त्याच्या मापाचा पण डोळे उघडे ठेवणारा माणूस लागतो." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "व्लास्ता, मला एक बुशेल मका दे. नीट तोलून."

मका पोत्यात भरून दिला. त्याला तो कोटाच्या आत शिवायचा होता, खांद्यांवर आणि पाठीवर, वजन जिथे असतं तिथे. मी म्हटलं, आण, मी शिवते, मशीन आहे. "माझं मला येतं," तो म्हणाला. चाळीस वर्षं पत्रा जोडलेला माणूस. त्याला कापड म्हणजे काय वाटणार!

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी त्याच्या शेडवर गेले. अर्नीची बंदूक शिकंज्यात, नळ्यांभोवती ओली चिंधी, आच तोंडावरून मागे नळ्यांत जाऊ नये म्हणून. दिव्याची निळी ज्योत त्याने इतकी बारीक ठेवली होती की फुंकर मारली तर विझेल. डाख चकाकला, ओला झाला, आणि त्याने चिमट्याने जुनी पाचर अशी काढली की जणू पापणीतला कण काढतोय. नवी पाचर त्याने घासून घासून आणली होती. दोन्हींमध्ये पत्त्याच्या एका पानाएवढा फरक होता. माणूस त्या कामात वाकला की बहात्तरचा दिसत नव्हता. हात थरथरतात की काय ते बघायलाच मी खरं तर गेले होते. नव्हते थरथरत.

मी डबा ठेवला. डुकराचं मांस, आंबवलेली कोबी, उकडलेले कणकेचे गोळे.

"सूप आहे माझं," तो मान वर न करता म्हणाला.

"हे तुझ्यासाठी नाही, बंदुकीसाठी आहे. तू परवापर्यंत आणखी दोन पौंड हरवलास, तर मला पुन्हा मका तोलावा लागेल."

मी निघताना झाकण उघडल्याचा आवाज ऐकला.

गुरुवारी दुपारी कुरणात बोटभर बर्फ पडला होता. अर्नी आधीच येऊन पाय आपटत उभा होता. लुमीर गाडीतून उतरला, तेव्हा अर्नीचं तोंड उघडंच राहिलं. कोट पिंपासारखा गोल, हात अंगापासून लांब, आणि प्रत्येक पावलाला आत सळसळ.

"हे काय घातलंय?"

"मका."

"मका? का?"

"तुझ्यासाठी लठ्ठ झालोय," लुमीर म्हणाला आणि बाकावर बसला. बाक करकरला, तसा पूर्वी करकरायचा.

पुढचा चाप, मागचा चाप. मग तो उठला आणि पन्नास यार्ड चालत थाळीपर्यंत गेला. मी म्हटलं, "मी बघून सांगते की." तो म्हणाला, "सांगितलेलं भोक आणि पाहिलेलं भोक वेगळं असतं." अंगावर एक बुशेल घेऊन गेला, एक बुशेल घेऊन आला. अजून फुली होती, दोन इंचांची. गाडीच्या मागच्या फळीवर शिकंजा लावून त्याने डाख पुन्हा सोडवला, कागदाएवढ्या फरकाने जाड दुसरी पाचर बसवली. मग नळीवर तळवा ठेवला, थांबला, मनगट ठेवलं, थांबला. गरम नळी खोटं बोलते, म्हणून थंड होईपर्यंत तो कुणाशी बोलत नाही. अर्नीने तीनदा घड्याळ पाहिलं. मग पुन्हा दोन गोळ्या, पुन्हा चालणं. एक इंच. पुन्हा.

"कोट तरी काढून जा ना थाळीकडे," अर्नी न राहवून म्हणाला. "गुडघे जातील तुमचे."

'तुमचे.' रविवारी 'म्हातारा' होता.

"काढला-घातला की खांद्यावरची बैठक बदलते," लुमीर म्हणाला. त्याला धाप लागली होती. ओठ निळसर झाले होते, पण बाकावर बसला की श्वास जागेवर यायचा, जणू धाप तो दारातच जोड्यांसारखी काढून ठेवत होता. एकोणीस वर्षांत मी अनेक माणसं तोलली. एवढं सगळं वजन योग्य जागी ठेवून बसलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

चौथ्या खेपेला तो थाळीपाशी जरा जास्त वेळ उभा राहिला. परत येऊन ती माझ्यापुढे ठेवली. दोन भोकं एकमेकांना चिकटलेली, इंग्रजी आठ आडवा पाडावा तशी.

"आता तू," तो अर्नीला म्हणाला.

अर्नी बसला. नवी थाळी. त्याने डोळे मिटले की नाही ते मी पाहिलं, पण लिहिलं नाही. दोन आवाज. थाळी मी आणली. एक गोळी वर, एक खाली, दोन्हींमध्ये चार बोटं, पण दोन्ही मधल्या रेषेवर आणि दोन्ही सपाट भागात.

"पास," मी म्हटलं.

अर्नी थाळीकडे बघत राहिला. "वरखाली झाली जरा."

"ते वरखाली तुझं आहे," लुमीर म्हणाला. "डावंउजवं माझं होतं. माझं मी काढलं."

अर्नीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटतं, त्याला बरंच कळलं. त्याने बंदूक खोळीत घातली, बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. "लेस्टरची आणि फादरची?"

"आज डाख बदलतो. उद्या सकाळी झाडू."

"मी त्यांना सांगतो. शहरात काही नेत नाही म्हणून." आणि लुमीर गाडीत बसला तेव्हा दार धरून, "लुमीर, मागच्या रविवारी मी जे डोळ्याबद्दल..."

"दार लाव गाडीचं. मका गारठतोय."

संध्याकाळच्या आत तो गोदामात आला. कोट काट्यावर ठेवला. मी कोटाचं वजन वजा केलं. साडेचौपन्न.

"दीड पौंड कमी."

"शक्य नाही."

त्याने कोट उलटा केला. पाठीवरची शिवण खालच्या टोकाला उसवली होती. लांब लांब टाके, पत्रा जोडल्यासारखे. तो त्या फटीत बोट घालून उभा राहिला. "ओल्गाची शिवण असती तर..." तो म्हणाला. मी दीड पौंड मका तोलून पुन्हा भरला. मी काही बोलण्याआधी त्याने त्या फटीत एक मोठी पिन टोचली आणि कोट उचलून गेला.

शुक्रवारी सकाळी कुरणात पहिली मीच पोचले, टेबल मांडायला. मग अर्नी. तो बाकाजवळ जाऊन थबकला.

"व्लास्ता, इकडे ये. वही आण."

बाकापासून थाळीच्या खांबापर्यंत बर्फात लुमीरच्या बुटांचे ठसे होते, चार वेळा जाणारे, चार वेळा येणारे. त्यांच्या शेजारून, अगदी लागून, हरणांचे खूर. तीन जनावरं असावीत, एक लहान. जिथे जिथे कोट गळला होता तिथे तिथे त्यांनी बर्फ नाकाने उकरून दाणा न् दाणा वेचला होता. खांबाच्या बुंध्याशी तर बर्फ तुडवून सपाट झाला होता. तिथेच काल लुमीर जास्त वेळ उभा राहिला होता. कालच्या थाळीचे खिळे अजून खांबात होते. त्यांच्या खालीच ती जनावरं उभी राहून जेवली होती.

"बेकायदा आमिष," अर्नी म्हणाला. "मोसमाच्या आदल्या दिवशी. वन खात्याचा माणूस बघेल तर म्हाताऱ्याला आत टाकेल." पण बोलताना तो बुटाने ते ठसे पुसत नव्हता, उलट त्यांच्यावर पाय पडणार नाही असा बाजूने चालत होता.

फादर आणि लेस्टर आले. शेवटी लुमीर, कोट घालून. त्याने ठसे पाहिले. बाकापासून खांबापर्यंत नजरेने गेला, परत आला. हरणाच्या डोळ्यांसाठी त्याची शिकार सोडवणाऱ्या ओल्गाने ते पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, ते मला माहीत होतं, त्यालाही असणार. मग तो माझ्या टेबलापाशी आला. पिन वाकली होती, आणि पाठीमागून एक दाणा, मग दुसरा, बर्फावर टप टप पडत होता.

"व्लास्ता," तो म्हणाला. "ही शिवण घालून देशील?"

सुईदोरा माझ्या पिशवीत सोमवारपासून होता. "काढू नकोस," मी म्हटलं. "खांद्यावरची बैठक बदलेल. अंगावरच घालते. पाठ कर."

त्याने पाठ केली. अंगावरचं कापड शिवताना ते घातलेल्या माणसाने दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा, नाहीतर त्याच्या आठवणी शिवून बंद होतात, अशी आमच्या आज्यांची रीत. ओल्गा तो तुकडा त्याच्या ओठांत कोंबायची आणि तो करवादायचा, मी पाहिलंय. मी दोरा दुहेरी केला आणि उरलेला तुकडा खांद्यावरून पुढे केला. काही न विचारता त्याने तो दातांत घेतला.

बारीक टाके घालायला वेळ लागतो, आणि थंडीत बोटं वळत नाहीत. दोनशे-दोनशे पौंडांचे तीन पुरुष, त्यातला एक पाद्री, बंदुका खाली धरून उभे होते. कुणी घड्याळ पाहिलं नाही. लुमीर नळी थंड होण्याची वाट बघताना उभा राहतो तसा उभा होता.

मी गाठ मारली, दोरा तोडला, पाठीवर थाप मारली. आत मका सळसळला, बाहेर काही आलं नाही.

"झालं," मी म्हटलं.

तो बाकाकडे गेला, बसला, डावा हात पिशवीवर टेकवला आणि त्यात लेस्टरच्या नळ्या घेतल्या. दोरा अजून दातांत होता. काढून टाक, असं त्याला कुणीच सांगितलं नाही.